रस्त्याच्या पलीकडून

ज्या माणसाने आयुष्यात मद्याचा थेंब ओठास लावला नाही त्याने मद्यगृहांच्या ऱ्हासाबद्दल हळहळावे, हे आमच्या वाचकांस थोडेसे चमत्कारिक वाटेल. आमच्या घरातही ते तसेच वाटते. २०२४ सालच्या उन्हाळ्यात विलायतेहून परत आल्यावर रात्रीच्या जेवणाच्या वेळी आम्ही मोठ्या कळवळ्याने तेथील एका बंद पडलेल्या ‘पब’ची हकीकत सांगू लागलो, तेव्हा सौभाग्यवतींनी पोळी वाढता वाढता इतकेच विचारले, “गुत्ता बंद झाला, तर त्यात वाईट काय झालं?” प्रश्न बिनतोड होता. त्या वेळी आम्ही वरणभाताकडे लक्ष वळविले. उत्तर सुचावयास पुढे बरेच दिवस लागले, आणि जे सुचले ते आम्हांस फारसे भूषणावह नाही.

पुण्या-मुंबईकडे अलीकडे पब म्हटले की कानठळ्या बसविणारे संगीत, अर्धवट काळोख आणि दाराशी उभा असलेला धिप्पाड रखवालदार एवढेच डोळ्यांपुढे येते. इंग्लंडातील मूळ पदार्थ अगदी निराळा आहे. ‘पब्लिक हाउस’ या दोन शब्दांचा तो संक्षेप. म्हणजे घर खरे, परंतु येईल त्यास मोकळे. पब चालविणारा गृहस्थ बहुधा वरच्या मजल्यावर बायकामुलांसह राहतो आणि खालचा दिवाणखाना जणू गावास उघडा ठेवतो. बाहेर लोखंडी दांडीला रंगीत पाटी टांगलेली असते. तीवर कोठे तांबडा सिंह, कोठे राजमुकुट, कोठे नांगर. लोकांस अक्षरओळख नव्हती त्या काळची ही चाल अद्याप टिकली आहे. ज्याने कधी इराण्याच्या हॉटेलात एका चहावर सबंध दुपार काढली असेल आणि उठताना शेजारच्या टेबलावरील अनोळखी माणसाचा निरोप घेतला असेल, त्यास पबची थोडीशी कल्पना येईल. १९३७ पासून दोन-तीन वर्षे ‘मास ऑब्झर्वेशन’ नावाच्या मंडळीने बोल्टन या गिरणगावात ठाण मांडून तेथील पबांची बारकाईने पाहणी केली. तिचे पुस्तक १९४३ साली निघाले. घर आणि कामाची जागा सोडली, तर लोकांचा अधिकांत अधिक वेळ पबात जातो, देवळातही नव्हे आणि सिनेमागृहातही नव्हे, असा त्या मंडळीचा निष्कर्ष होता.

आम्ही १९९५ च्या सप्टेंबरात शिक्षणासाठी बर्मिंगहॅमला गेलो. खोली मिळाली ती एका लांबच लांब, लाल विटांच्या चाळीवजा घरांच्या रांगेत. घरात फोन नव्हता, खोलीत ऊब बेताची होती, आणि पहिल्या महिन्यात दुकानदाराखेरीज कोणी आमच्याशी चार शब्द बोलल्याचे स्मरत नाही. कोपऱ्यावर एक पब होता. त्याच्या खिडक्यांच्या दुधी काचांतून संध्याकाळी पिवळा उजेड रस्त्यावर पडे. आम्ही त्या उजेडातून कितीतरी वेळा पुढे गेलो असू. वडिलांना काय वाटेल, हा विचार पाय पुढे रेटी. शेवटी नोव्हेंबरातील एका ओल्या रात्री, केवळ थंडीपायी, आत शिरलो आणि काउंटरपाशी जाऊन, दारू सोडून काही मिळेल काय, असे विचारले. तेथे हशा पिकला नाही. लँडलॉर्डने जिंजर बिअरची बाटली पुढे केली (हिचा बिअरशी नावापलीकडे संबंध नसतो) आणि काखेतील पुस्तकांकडे पाहून म्हटले, “शेकोटीजवळ बसा, प्रोफेसर.” त्या दिवसापासून त्या घरात आमचे नाव प्रोफेसर पडले. पुढे आम्ही खरोखरीच प्रोफेसर झालो, परंतु ती पदवी आम्हांस प्रथम कोणत्याही विद्यापीठाने दिलेली नाही.

‘लँडलॉर्ड’ हा शब्द ऐकून जमीनदाराची कल्पना येते, परंतु ती फसवी आहे. हा लँडलॉर्ड बहुधा स्वतःच कूळ असतो. इमारत दुसऱ्याची, पूर्वी ती बहुतकरून एखाद्या मोठ्या मद्यकारखान्याची असे. कुळाने भाडे तर द्यावयाचेच, शिवाय बिअरही त्याच मालकाकडून, तो सांगेल त्या भावाने घ्यावयाची. बाजारात तीच बिअर स्वस्त मिळत असली तरी तिकडे पाहावयाचे नाही. या बंधनास तेथे ‘टाय’ म्हणतात. खंडही मालकाचा आणि बियाणेही मालकाच्याच दुकानातून, अशी अट आपल्याकडील एखाद्या कुळावर घातली, तर ते जितके सुखी होईल तितकाच हा लँडलॉर्ड सुखी.

एकदा त्यांनी आम्हांस तळघर दाखविले. न पिणाऱ्या माणसास ते दाखविण्यात त्यांना काय गोडी वाटली कोण जाणे. कदाचित पिणाऱ्यांपैकी कोणी कधी पाहावयास मागितले नसेल. थंडगार, चुन्याने पांढरी केलेली खोली, ओळीने आडवी ठेवलेली पिंपे आणि एका खिळ्याला टांगलेला उष्णतामापक. त्यांची बिअर जिवंत असते, असे त्यांनी सांगितले. पिंपात आल्यावरही ती आंबतच असते. तिला स्वस्थ निजू द्यावे लागते, गाळ खाली बसू द्यावा लागतो, उष्णता बारा अंशांच्या आसपास ठेवावी लागते, आणि पिंपास एकदा तोटी ठोकली की दोन-तीन दिवसांत ते संपलेच पाहिजे. नाहीतर आंबूस होते. त्यांनी पेल्यात थोडी काढून दिव्याकडे धरली. “ही राखावी लागते,” ते म्हणाले. गाय राखावी, शेत राखावे, तसा तो शब्द त्यांच्या तोंडी होता. एका पंपाच्या मुठीवर ‘इंडिया पेल एल’ अशी अक्षरे पाहून आम्ही चकित झालो, तेव्हा गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात बर्टन गावाहून जहाजे भरभरून ही बिअर हिंदुस्थानातील साहेबांसाठी जात असे, हेही तेथेच कळले. आमच्या देशाचे नाव असलेली ती वस्तू त्या घरात आम्हीच काय ते पीत नव्हतो!

पुढील प्रसंग सांगितल्यावाचून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. १९९६ च्या जानेवारीत एका रात्री नऊच्या सुमारास आमचे दार कोणी धडधडा वाजविले. उघडून पाहतो तो लँडलॉर्ड, अंगात नुसता सदरा, डोक्यावर भुरभुर बर्फ. घरी अडीअडचणीस असावा म्हणून त्यांच्या पबचा फोन-क्रमांक आम्ही धाकट्या भावास कळविला होता, तोही त्यांना न विचारता. ते म्हणाले, “तुमच्या भावाचा फोन होता. दहा मिनिटांनी पुन्हा करणार आहे. चला.” वाटेत एक अक्षर बोलले नाहीत. काउंटरपलीकडून त्यांनी आम्हांस जिन्याने वर, आपल्या राहत्या खोलीत नेले, फोनपाशी बसविले आणि दार ओढून घेतले. वडील गेले होते. आमच्याकडे तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. जाण्याइतके पैसे नव्हते आणि पैसे असते तरी वेळेवर पोहोचणे नव्हते. आईशी बोलण्यासाठी आम्ही पुन्हा फोन लावला. किती वेळ बोललो, सांगता येत नाही. खाली आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते, घंटा होऊन मंडळी घरी गेली होती, आणि त्यांच्या पत्नीने चहा करून ठेवला होता. आम्ही खिशात हात घातला, तेव्हा ते म्हणाले, “ते राहू द्या, प्रोफेसर.” चौथ्या दिवशी शेकोटीजवळच्या आमच्या जागेवर एक कार्ड ठेवलेले आढळले. त्यावर नेहमी येणाऱ्या सर्वांच्या सह्या होत्या. त्यांतील निम्म्या नावांचे धनी कोणते, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. ते कार्ड आमच्यापाशी अजून आहे.

त्याच वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडी मुख्य बाजारपेठेच्या रस्त्यावर, एका बंद पडलेल्या बँकेच्या इमारतीत, एका स्वस्त साखळीची शाखा उघडली. दालन प्रशस्त, छत उंच, पायाखाली गालिचा, आणि सकाळपासून रात्रीपर्यंत खाणे. भाव पाहून आम्हां विद्यार्थ्यांचे डोळे फिरले. आम्ही प्रत्येक खर्च रुपयांत मोजीत होतो. तेथे एका जेवणाच्या किमतीत जे मिळे ते कोपऱ्यावरच्या पबात निम्मेही मिळत नसे. प्रथम मित्रांबरोबर एकदा गेलो. मग आठवड्यातून एकदा जाऊ लागलो. नाताळापर्यंत कोपऱ्यावर जाणे महिन्यातून एकदा उरले, आणि पुढे तेही बंद झाले. कोणी कोणाशी भांडले नाही, कोणी कोणास टाकून बोलले नाही. अडचण एकच होती: बँकेकडे जावयाचे तर त्या दुधी काचांच्या खिडकीवरून जावे लागे. म्हणून आम्ही रस्त्याच्या पलीकडील फरसबंदीवरून जाऊ लागलो. एकदा दार उघडे होते, लँडलॉर्ड आतून पेला पुशीत बाहेर पाहत होते. त्यांनी हात वर केला. आम्ही छत्री सारखी करण्याचे निमित्त केले.

१९९७ साली परत निघताना त्यांचा निरोप घेतला नाही.

हा झाला आमचा वृत्तांत. परंतु आमच्या या फितुरीमुळेच विलायतेतील पब बुडाले, असे म्हणणे म्हणजे स्वतःस भलतेच महत्त्व देणे होईल. विसाव्या शतकाच्या आरंभी एकट्या इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे एक लाख पब होते. २००० साली सबंध ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या आसपास उरले. अलीकडे ती संख्या पंचेचाळीस हजारांच्या घरात आली आहे. एवढी पडझड एका कारणाने होत नाही. मोठा घाव घातला तो, गंमत अशी की, पबांचे भले करण्यासाठी केलेल्या एका कायद्याने. तोपर्यंत सहा बडे मद्यकारखाने हजारो पब बांधून बसले होते. ही मक्तेदारी मोडावी म्हणून १९८९ साली सरकारने हुकूम काढला की, दोन हजारांहून अधिक पब ज्याच्यापाशी असतील त्याने वरच्यांपैकी निम्मे बंधमुक्त करावेत. कारखानदार हुशार, त्यांनी पब मोकळे करण्याऐवजी विकूनच टाकले. ते घेतले नव्या कंपन्यांनी. या कंपन्या बिअर गाळीत नव्हत्या. त्यांचा धंदा इमारतींचा आणि कर्जाचा. पुढे पंधरा वर्षांच्या आत ‘एंटरप्राइज इन्स’ आणि ‘पंच टॅव्हर्न्स’ या दोघींच्या हाती मिळून पंधरा हजारांहून अधिक पब गेले. टाय होती तशीच राहिली. धनी तेवढा बदलला, आणि नव्या धन्यास कर्जाचे व्याज भरावयाचे असल्यामुळे कुळास अधिक पिळणे भाग पडले. २००८ सालच्या मंदीत या कर्जाचा डोलारा खचला, तेव्हा इमारती फुंकून टाकण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. पबापेक्षा त्याखालची जमीन अधिक मोलाची, हा शोध त्यांना त्या वेळी लागला. कुळांनी २०१६ पासून नुसते बाजारभावाने भाडे द्यावे आणि टायमधून सुटावे, अशी सोय कायद्याने झाली; परंतु तोवर पुष्कळांच्या दाराला फळ्या ठोकल्या गेल्या होत्या.

बाकीची कारणे वाचकांस सहज कळण्याजोगी आहेत. २००७ च्या जुलैत इंग्लंडात बंद जागेत धूम्रपान करण्यास मनाई झाली (ती योग्यच होती, असे आमचे मत आहे). २००८ पासून पाच वर्षे बिअरवरील कर महागाईच्याही पुढे धावत राहिला. २०२० च्या मार्चात साथीमुळे सारे पब एका रात्रीत बंद झाले, आणि ते उघडतात न उघडतात तोच विजेची बिले अंगावर आली. सर्वांत मोठा शत्रू मात्र कोणाच्या नजरेत भरत नाही, आणि तो म्हणजे किराणा-भाजीचे मोठे दुकान. तेथून डबे आणून घरच्या पडद्यासमोर बसून प्यावयाचे. आता पबांतल्यापेक्षा दुकानांतच बिअर अधिक विकली जाते. साखळीच्या मालकाने पबवाल्यास मारले, असे म्हणणारे लोक बहुधा घरी बसून म्हणत असतात.

त्या साखळ्यांविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध जी ‘वेदरस्पून’, तिचा पहिला पब टिम मार्टिन नावाच्या गृहस्थाने १९७९ साली उत्तर लंडनमध्ये उघडला. वर्ग ताब्यात ठेवता न येणाऱ्या एका शिक्षकाचे नाव त्याने आपल्या धंद्यास दिले, असे सांगतात. आमच्या पेशातील माणसास याहून अधिक टिकाऊ स्मारक क्वचितच लाभले असेल. आज या साखळीचे सुमारे आठशे पब आहेत. तिची युक्ती साधी आहे. ज्या इमारतींना कोणी वाली उरला नाही, अशा बँका, सिनेमागृहे, टपाल कचेऱ्या, क्वचित चर्चही, त्या घ्यावयाच्या, गाणेबजावणे ठेवावयाचे नाही, नफा थोडा घ्यावयाचा आणि विक्री अफाट करावयाची. टनब्रिज वेल्स येथील जुने ऑपेरागृह त्यांनीच घेऊन उभे ठेवले. प्रत्येक पबातील गालिचाची नक्षी निराळी असते, आणि त्या गालिचांवर एका भल्या माणसाने २०१६ साली सबंध पुस्तक लिहिले. इंग्रज लोक उगीच इंग्रज नाहीत.

जॉर्ज ऑर्वेल, जो आपल्या मोतीहारीत १९०३ साली जन्मला, त्याने १९४६ च्या फेब्रुवारीत लंडनच्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ पत्रात ‘मून अंडर वॉटर’ नावाच्या आपल्या आवडत्या पबचे वर्णन लिहिले. तेथे शांतता कशी, शेकोटी कशी, मागची बाग कशी, हे सारे रंगवून झाल्यावर शेवटी तो कबूल करतो की, असा पब अस्तित्वातच नाही. वेदरस्पूनने पुढे आपल्या कित्येक पबांना नेमके तेच नाव दिले. ज्या घराचा पत्ता लेखकासही सापडला नाही, ते आता चार-दोन शहरांत पाटीवर वाचावयास मिळते.

जुन्या पबांच्या वियोगाने डोळे पुसणाऱ्यांस आम्ही आणखी एक आठवण देऊ इच्छितो. ‘येईल त्यास मोकळे’ असे आम्ही वर लिहिले, ते सदासर्वदा खरे नव्हते. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील एका नामांकित मद्यगृहात स्त्रियांना काउंटरपाशी उभे राहून पेय मागण्याची बंदी होती. ती १९८२ साली न्यायालयाने मोडली. आमच्या बर्मिंगहॅमला लागून असलेल्या स्मेदिकमध्ये साठाच्या दशकात कित्येक पबांच्या बैठकीच्या दालनांत गोऱ्यांखेरीज कोणास पेय मिळत नसे. ओतशाळांत गोऱ्यांच्या खांद्यास खांदा लावून काम करणारा पंजाबी मजूर संध्याकाळी आत आला की, त्याने पलीकडच्या साध्या खोलीत बसावयाचे. ‘इंडियन वर्कर्स असोसिएशन’चे अवतारसिंग जौहल प्रभृतींनी याविरुद्ध दीर्घकाळ चळवळ केली. अमेरिकेतील काळ्या लोकांचे पुढारी माल्कम एक्स १२ फेब्रुवारी १९६५ रोजी मुद्दाम स्मेदिकला आले, तेथील एका पबात त्यांनाही एका दालनात पेय नाकारले गेले. त्यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांचा खून झाला. सार्वजनिक जागी असा वर्णभेद करण्यास बंदी घालणारा कायदा त्याच वर्षाच्या अखेरीस झाला. आणि पुढे काय घडले पाहा: गोरी गिऱ्हाइके आटून स्मेदिक-वेस्ट ब्रॉमिचकडील पब जेव्हा बंद पडू लागले, तेव्हा ते चालवावयास घेतले ते बहुतकरून पंजाबी लोकांनी. त्यांनी तंदूर पेटविला, बिअरचे पंप आणि डार्ट्सची फळी होती तशीच ठेविली, आणि आज तेथे ‘देशी पब’ म्हणून जे ओळखले जातात त्यांत गोरे म्हातारे नि शीख म्हातारे एका टेबलावर बसून फुटबॉल पाहतात. ज्यांना एकदा आत घेतले नाही त्यांनी घर राखले. आमचे लँडलॉर्ड असे भेद पाळणाऱ्यांपैकी नव्हते. परंतु आम्ही त्या दारातून १९९५ साली सुखाने आत गेलो, ते १९६५ साली कोणी तरी दुसऱ्याने अपमान सोसला म्हणून, हे आम्हांस फार उशिरा कळले.

साखळीच्या दालनात आम्हांस कधी कोणी तुम्ही कोण, कोठले, असे विचारले नाही. परक्या मुलखात हे सुख लहान नव्हे. परंतु त्या बँकेत आम्ही वर्षभर बसलो, तरी तेथे आमचा फोन येण्याचा संभव नव्हता. तेथील नोकर चांगले होते, हसतमुख होते, आणि दर दोन महिन्यांनी नवे असत.

२०२४ च्या जुलैमध्ये एका परिसंवादानिमित्त बर्मिंगहॅमला जाणे झाले. त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टात, तेथून दहा-बारा मैलांवरील हिमली गावचा ‘क्रूकेड हाउस’ नावाचा वाकडा पब जळाला आणि दोन दिवसांत यंत्र लावून पाडला गेला, त्याचा गवगवा अजून ओसरला नव्हता. १७६५ सालची ती इमारत, खालच्या कोळशाच्या खाणीने जमीन खचून एका बाजूस कलली होती. आत खिडकीच्या कट्ट्यावर गोटी ठेवली की ती चढावर पळताना दिसे. ती पाडली गेल्यावर लोकांनी विटांच्या ढिगाशी फुले वाहिली. पुढच्या फेब्रुवारीत, होती तशी वाकडी पुन्हा बांधून द्यावी, असा हुकूम मालकांवर निघाला. लंडनमधील ‘कार्लटन टॅव्हर्न’ २०१५ साली असाच बेकायदा पाडला गेला होता, तो खरोखर वीट न् वीट पुन्हा रचून २०२१ साली उघडला. तेव्हा अशा हुकुमांस अगदीच अर्थ नसतो असे नाही. नन्हेड येथील ‘आयव्ही हाउस’ तर शेजाऱ्यांनी वर्गणी आणि कर्ज काढून २०१३ साली स्वतःच विकत घेतला. एवढी हौस लोकांस अद्याप आहे.

आमच्या कोपऱ्यावर मात्र फुले वाहण्याजोगे काही नव्हते. इमारत उभी होती. दुधी काचा काढून पांढऱ्या चौकटी बसविल्या होत्या, दाराशी सहा टपालपेट्या होत्या, आणि तळघराच्या झडपेवर सिमेंट ओतले होते. वर पाटीची लोखंडी दांडी तेवढी राहिली होती. ती काढण्याचा खर्च कोणी केला नव्हता.

पाऊस आला म्हणून आम्ही बँकेत शिरलो. गालिचा नवा होता. सकाळचे अकरा वाजले होते, आणि पुष्कळशी टेबले एकेका म्हाताऱ्याने धरली होती; कोणापुढे कॉफी, कोणापुढे पेला. आम्ही कॉफी घेऊन बसलो, तो पलीकडील वृद्ध गृहस्थ आमच्याकडे बराच वेळ पाहून म्हणाले, “तुम्ही ते प्रोफेसर ना? ज्यांचा फोन आला होता?” त्यांचे नाव आम्हांस आठवेना. डार्ट्सच्या फळीजवळ उभे असत, एवढे आठवले. त्या कार्डावर त्यांची सही असली पाहिजे.

त्यांनीच सारे सांगितले. आम्ही तेथे असतानाच ती इमारत कारखान्याकडून एका कंपनीकडे गेली होती, आणि लँडलॉर्डना ते पत्राने कळले होते. भाडे दोनदा वाढले. गिऱ्हाईक कमी झाल्यावर पिंप तीन दिवसांत संपेना. आंबलेली बिअर ते ओतून देत, कोणास वाढीत नसत. आणि ओतलेल्या पिंपाचेही पैसे भरावेच लागत. २००९ साली त्यांनी किल्ल्या परत केल्या. बायको आधीच वारली होती. वरची खोलीही गेली, कारण ती पबाबरोबरच होती. पुढे दोन गल्ल्यांपलीकडे भाड्याने राहत.

“मग ते येथेच यायचे,” ते वृद्ध गृहस्थ म्हणाले. “रोज अकराला. त्या खांबापाशी बसायचे. वारले त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत.”

“येथे?” आम्ही विचारले.

“दुसरीकडे कुठे जाणार? आणि परवडायला नको?” मग थोडे थांबून म्हणाले, “आम्ही सगळेच इथे आलो होतो. तुम्ही लोक आलात, मग आम्ही आलो. शेवटी तेही आले.”

रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्यांविषयी ते कधी काही बोलत काय, हे विचारण्याचा आम्हांस धीर होत नव्हता, तरी विचारले. वृद्ध गृहस्थांनी कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिले.

“नाही. तसं काही नाही. पहिल्या दिवशी आले तेव्हा पेला उजेडाकडे धरून पाहिला. म्हणाले, राखली आहे बरी. खप आहे ना, म्हणून ताजी राहते.”

त्यांचा पेला रिकामा झाला होता. आम्ही तो उचलून काउंटरकडे गेलो, आणि त्यांना कोणती बिअर लागते हे विचारावयास पुन्हा परत आलो.